मत्सीची दृष्टी : प्रस्तावना

महसूल खात्याच्या चाकरीत माझी एकतीस वर्षे गेली, आणि त्या अवधीत पनवेल, उरण व ठाणे या तीन तालुक्यांतील किती सातबारा उतारे, किती फेरफार आणि किती पंचनामे माझ्या हातांखालून गेले याची गणती करणे आता अशक्य आहे. परंतु एवढे निश्चयाने सांगता येते, की त्या अवघ्या दफ्तरात गावतळ्याचे क्षेत्र, त्याची वहिवाट आणि त्याच्या चतुःसीमा जितक्या काटेकोरपणे नोंदलेल्या असत, तितक्याच कटाक्षाने ते दफ्तर त्या तळ्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या जिवांविषयी मौन पाळून असे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर वसवण्याचा संकल्प सोडला गेला, आणि खाजण, मिठागर, भातशेत, गुरचरण अशा एकेका सदराखाली या मुलखाचा हिशेब लागत गेला. मरळीच्या घरट्याला त्या हिशेबात सदर नव्हते, आणि ते असावे असे त्या काळी मलाही कधी वाटले नाही. प्रस्तुत पुस्तक त्या उणिवेची भरपाई म्हणून, सेवानिवृत्तीनंतरच्या चौदा पावसाळ्यांत टिपलेल्या वह्यांवरून, सिद्ध झाले आहे.

विषय आहे गोड्या पाण्यातील माशांच्या विणीचा आणि अपत्यसंगोपनाचा. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरले की त्यांची वार्ता वर्तमानपत्रांत छायाचित्रांसह येते. खाडीच्या त्या भागाला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, पुढे २०२२ मध्ये रामसर यादीतही त्याचा समावेश झाला, आणि हे सर्व उचितच झाले. परंतु ज्या गावांच्या बांधांवरून त्या पक्ष्यांकडे बोट दाखवले जाते, त्याच गावांच्या तळ्यांत आणि ओहोळांत पक्ष्यांच्या तोडीची घरटी रचली जातात, अंड्यांवर अहोरात्र पहारे बसतात, पिले तोंडात धरून आईबाप दिवसच्या दिवस उपाशी राहतात, ही गोष्ट मासे खाण्यात सात पिढ्या गेलेल्या आमच्या बेलापूरपट्टीतही आता थोड्याच लोकांना ठाऊक उरली आहे. मासा आपल्याला ओळखीचा असतो तो टोपलीतला आणि ताटातला; त्याचा संसार आपण पाहिलेला नसतो.

मला तो संसार प्रथम दाखवला माझ्या आज्याने. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. आषाढातली उघडीप होती, पारसिकच्या डोंगरावरून उतरलेले पाणी तळ्यात येऊन स्थिरावले होते, आणि म्हशी धुण्याच्या घाटापासून थोड्या अंतरावर, जेथे तळ्याचा काठ भाताच्या खाचरात हळूहळू मिसळून जाई तेथे, गुडघाभर पाण्यात, सुपाएवढा एक तांबूस डाग तरंगत होता. आभाळ कोरडे असूनही त्या डागावर पावसाचे थेंब पडावेत तशी पाण्याची त्वचा सारखी थरथरत होती. मी वाकून पाहिले, तर तो डाग म्हणजे गव्हाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी शेकडो नारिंगी पिले होती. प्रत्येक पिलू वर येऊन हवेचा घोट घेई आणि खाली जाई, आणि त्या असंख्य घोटांनीच पाणी थरथरत होते. मी हात पुढे केला, तेव्हा आज्याने माझे मनगट धरले आणि म्हणाला, “हात नको घालू रं पोरा. त्याचे खाली आवस-बापूस हाय.” मग त्याने मातीचे एक ढेकूळ उचलून त्या डागाच्या शेजारी टाकले. त्याबरोबर खालून एक काळी पाठ उसळली, पाण्याचा फटकारा आमच्या तोंडावर आला, आणि क्षणभराने पाहतो तो तांबडा डाग दोन हात पलीकडे जाऊन पुन्हा पूर्ववत गोळा झालेला. तो दिवस आणि तो फटकारा यांचे स्मरण या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणाच्या तळाशी आहे.

मरळीचा हा संसार मुळातून पाहण्याजोगा आहे. पावसाळा लागला की नरमादी तळ्याच्या उथळ, गवताळ काठाशी येतात, पाणवनस्पतींचे देठ तोंडाने तोडून, शेपटीने बाजूस सारून हातभर रुंदीची एक मोकळी, वाटोळी जागा तयार करतात, आणि तेथे मादी अंडी सोडते. ही अंडी अंबरासारखी पिवळसर, पारदर्शक असतात; प्रत्येक अंड्यात तेलाचा एक थेंब असतो आणि त्याच्या योगाने ती बुडत नाहीत, तर एखाद्या पातळ सायीप्रमाणे पृष्ठभागावर पसरून राहतात. यातील योजना ध्यानी घेण्यासारखी आहे. साचलेल्या, कुजक्या पाल्याच्या पाण्यात, विशेषतः रात्रीच्या वेळी, प्राणवायू अतिशय तुटपुंजा असतो. तळाशी पडलेली अंडी गुदमरून जातील, पण वरच्या पापुद्र्याशी हवेचा स्पर्श असतो, म्हणून मरळीने आपली अंडी तेथेच ठेवली. मात्र जे वर आहे ते सर्वांना दिसते, बगळ्यालाही आणि बेडकालाही, आणि म्हणून तरंगत्या अंड्यांना राखणदार हा लागतोच. मरळ स्वतः हवेत श्वास घेऊ शकते, कल्ल्यांच्या वर तिला त्यासाठी एक स्वतंत्र पोकळी असते. त्यामुळे जेथे इतर मासे तग धरू शकत नाहीत अशा पाण्यात ती दिवसेंदिवस पहारा देऊ शकते. एक-दोन दिवसांत अंडी उबतात, पिले घोळक्याने हिंडू लागतात, आणि आईबाप त्यांच्या खाली, किंचित मागे, सावलीसारखे चालत राहतात.

येथेच एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. पिलांच्या घोळक्यात गळ टाकला की मरळ हमखास लागते, हे प्रत्येक गळकऱ्याला माहीत असते. ती गळाला तोंड घालते ते भुकेने नव्हे; आपल्या पिलांत शिरलेली वस्तू हाकलून देण्यासाठी ती तिच्यावर तुटून पडते. म्हणजे जिच्या अंगी वात्सल्य अधिक, ती आधी पकडली जाते, आणि मागे राहिलेली पिले त्याच संध्याकाळपर्यंत शिंगटीच्या, बगळ्यांच्या आणि पाणसापांच्या पोटात जातात. आमच्या गावात लाल पिलांवर गळ टाकणे हे निषिद्ध मानले जाई. हा निषेध कोणत्या कायद्यात नव्हता, पण तो मोडणाऱ्याला चावडीवर चार माणसांचे बोलणे ऐकून घ्यावे लागे, आणि ते पुरेसे होत असे.

आपल्या प्राचीनांची दृष्टी या विषयावर मुळीच गेली नव्हती असे नाही. चाणक्यनीतीत सज्जनांच्या संगतीची थोरवी सांगताना तीन मातांचा दाखला दिला आहे: पक्षिणी पिलांना स्पर्शाने वाढवते, कासवी त्यांचे ध्यान करून वाढवते, आणि मत्सी त्यांना केवळ दर्शनाने, नजरेने वाढवते. या कल्पनेतील कासवीचा भाग आमच्या संतवाङ्मयाने उचलला आणि घरोघर पोहोचवला. मत्सीचा भाग मात्र मागे पडला. एका शास्त्रीबुवांकडून हा श्लोक मी शाळकरी वयात ऐकला तेव्हा तो मला केवळ कविकल्पना वाटला नाही, कारण घोळक्याखालून वर रोखलेली ती नजर मी पाहिलेली होती. मरळ पिलांना भरवत नाही, पंखाखाली घेत नाही, चाटत नाही. ती केवळ जवळ राहते आणि पाहते. ज्या कोणी तो दाखला प्रथम योजला, त्याने तळ्याच्या काठी बसून तो योजला असला पाहिजे, असा माझा दृढ समज आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लास रचला, त्यातील मत्स्यविनोदाच्या प्रकरणात माशांच्या जाती, त्यांची वसतिस्थाने आणि त्यांचे खाद्य यांचे जे विवेचन आहे, तेही असेच पाण्याशी प्रत्यक्ष परिचय असलेल्या माणसांकडून आलेले दिसते.

आधुनिक शास्त्राने या क्षेत्राची बरीच व्यवस्था लावली आहे. कॅनडातील मत्स्यशास्त्रज्ञ यूजीन बेलॉन यांनी १९७५ मध्ये माशांच्या प्रजननरीतींचे जे वर्गीकरण मांडले, त्यात तीन थोरले वर्ग आहेत: अंडी टाकून निघून जाणारे, अंडी राखणारे, आणि अंडी वा पिले आपल्या देहातच बाळगणारे. माशांच्या एकंदर कुळांपैकी सुमारे पंचमांश कुळांतच संगोपनाची रीत आढळते. पण केवळ गोड्या पाण्यातील कुळे घेतली तर हे प्रमाण निम्म्याच्या वर जाते. समुद्रात अंडी प्रवाहावर सोडून दिली तरी ती विस्तीर्ण आणि बहुतांशी एकसारख्या पाण्यातून विखरत जातात. ओहोळ आणि तळी यांचे तसे नाही, तेथे आज पूर तर उद्या चिखल, येथे सावली तर तेथे कढत पाणी, आणि म्हणून योग्य जागा निवडून तिच्यावर बसून राहण्याला तेथे मोल येते. आणखी एक गोष्ट वाचकांना विस्मित करील. माशांत जेव्हा दोहोंपैकी एकच पालक संगोपन करतो, तेव्हा तो बहुधा पिता असतो. याचे कारण असे, की मादीला पुढील अंड्यांची घडण करण्यासाठी खाणे आणि वाढणे भाग असते, तर नराने राखायची जागा त्याने आधीच धरलेली असते. तेथे तो राहतोच, आणि एका मादीची अंडी राखताना दुसरीचीही राखू शकतो. देशावर काही ठिकाणी जिला डोक म्हणतात, ती मरळीची वीतभर लांबीची धाकटी जात घ्या. सह्याद्रीच्या ओढ्यांत दगडांच्या बेचक्यांत राहणारा हा मासा घरटे बांधीत नाही. नर अंडी तोंडात घेतो आणि पिले बाहेर पडेपर्यंत तोंड मिटून राहतो. मग मादी आपली काही अंडी अफलित अशीच सोडते आणि ती पिलांचा आहार होतात. बापाने तोंडात वागवलेल्या आणि आईने अंड्यांवर पोसलेल्या अशा या कुटुंबाची हकीगत पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात सविस्तर दिली आहे.

तोंडात पिले वागवणारा जो मासा आज नवी मुंबईच्या तळ्यांत सर्वांत अधिक दिसतो, तो मात्र या मातीचा नव्हे. मोझांबिकचा तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. उद्देश चांगला होता, गोरगरिबांना स्वस्त मासळी मिळावी असा. दोन-तीन महिन्यांत हा मासा वयात येतो, वर्षातून अनेकदा विणतो, खारट पाणी, गढूळ पाणी, सारे काही सोसतो. नर तळाच्या चिखलात बशीसारखा खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात उचलून घेते. पुढचा सारा भार तिचा एकटीचा. नेरूळच्या घरी काचेच्या पेटीत मी ही माता पाहिली आहे. तिच्या हनुवटीखालची कातडी ताणून पातळ झाली होती आणि आतील पिवळे दाणे दिव्याच्या उजेडात दिसत होते. काही चघळत असावी तसा तिचा जबडा अविरत हलत होता, कारण अंड्यांवरून ताजे पाणी फिरते ठेवायचे असते. मी टाकलेले गांडूळ तिच्या तोंडासमोरून खाली गेले, तिने डोळे वळवून त्याच्याकडे पाहिले, आणि ती जागची हलली नाही. बाराव्या दिवशी तिने तोंड उघडले, आणि धुराचा लोट निघावा तशी पिले बाहेर पडली. माझी नात ती मोजण्यासाठी पुढे झाली, तिची सावली पेटीवर पडली, आणि क्षणार्धात ती सारी पिले मागे फिरून आईच्या तोंडात दिसेनाशी झाली. नात बराच वेळ काही बोलली नाही. या परक्या माशाने आमच्या मूळच्या मासळीची जागा बळकावली हे सत्य असले, तरी त्या मातेच्या उपवासाचे मोल त्यामुळे उणे होत नाही. प्राण्याच्या ठायी जे आहे ते जसेच्या तसे नोंदले पाहिजे, या बुद्धीने मी तिलापियाला या पुस्तकात सन्मानाने स्थान दिले आहे.

इतर देशांतील उदाहरणांचा मी येथे पसारा मांडत नाही, दोनच सांगतो. युरोपातील ओढ्यांत पाठीवर तीन काटे असलेला, बोटभर लांबीचा स्टिकलबॅक नावाचा मासा आहे. त्याचा नर आपल्या मूत्रपिंडातून निघणाऱ्या चिकट द्रवाने पाणगवत सांधून घरटे बांधतो, अनेक माद्यांची अंडी त्यात घेतो, आणि परांनी त्यांच्यावर पाण्याचा वारा घालीत राहतो. विणीच्या दिवसांत त्याचे पोट लाल होते. निको टिनबर्गन यांच्या हॉलंडमधील प्रयोगशाळेत, खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली की पेट्यांतले नर प्रतिस्पर्धी आला असे समजून त्या दिशेने धावत; अशा साध्या निरीक्षणांतून वाढत गेलेल्या त्यांच्या कार्याला १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे उदाहरण आफ्रिकेतील टांगानिका सरोवराचे. तेथील मार्जारमीनाची एक जात, कोकिळेने कावळ्याच्या घरट्यात अंडे घालावे तशी, तोंडात पिले वाढवणाऱ्या दुसऱ्या माशाच्या विणीत शिरून आपली अंडी मिसळते; ती अंडी आधी उबतात, आणि यजमान मातेच्या तोंडातच तिची पिले खाऊन ती परकी पिले मोठी होतात. जपानी शास्त्रज्ञ तेत्सु सातो यांनी १९८६ मध्ये हे प्रसिद्ध केले. संगोपनाच्या कथेत ही काळी बाजूही आहे, आणि ती वगळून चालणार नाही.

अंडी टाकून जाणाऱ्यांना निष्ठुर म्हणण्याची घाई मात्र वाचकाने करू नये. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात लाखांनी अंडी सोडतात आणि परतून पाहत नाहीत. पण ती अंडी चिकट नसतात, पाण्यात फुगून हलकी होतात, आणि पंधरा-वीस तासांच्या आत उबतात, म्हणजे त्यांचे सारे बालपण पुराच्या स्वाधीन केलेले असते आणि पूर ती जबाबदारी पार पाडतो. पूर नसेल तर मात्र हे मासे विणतच नाहीत. साचलेल्या तळ्यात मादीच्या पोटात गाभोळी तयार होते, वाट पाहते, आणि शेवटी तिच्याच देहात जिरून जाते. ही अडचण डॉ. हिरालाल चौधुरी यांनी दूर केली. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे त्यांनी एका माशाच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून कार्प जातीच्या माशांना तळ्याच्या पाण्यात विणायला लावले, आणि त्या तारखेस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळला जातो. आज पनवेल तालुक्यातील एखादा तळेवाला ठेका घेऊन मत्स्यजिरे किंवा बोटुकली विकत आणून सोडतो, तेव्हा नदीचा पूर त्याने पिशवीतून आणलेला असतो असे म्हणण्यास हरकत नाही. महासीराचे प्रकरण निराळे. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांतून ज्याचे शास्त्रीय वर्णन केले, त्या महासीराची अंडी मोठी, संख्येने थोडी, आणि स्वच्छ, थंड, वाळूगोट्यांच्या पाण्यावाचून ती जगत नाहीत. लोणावळ्यास वळवणच्या जलाशयाशी टाटांच्या वीज कंपनीने त्यांचे कृत्रिम प्रजनन कित्येक वर्षे चालवले. आणि शेजारच्या रायगड जिल्ह्यात, महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंडात, देवीच्या आश्रयाने हे मासे वाढत आले आहेत, तेथे कोणी त्यांना हात लावीत नाही. आईबाप जेथे राखण करीत नाहीत तेथे ती राखण गावाने आणि देवाने आपल्याकडे घेतली, असे ते स्थान पाहून मला वाटले.

निवटीला या पुस्तकात घ्यावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला, कारण ती खाडीची, मचूळ पाण्याची. पण बेलापूरपट्टीत लहानाचा मोठा झालेला मनुष्य निवटीला वगळून माशांविषयी लिहू शकत नाही. ओहोटी लागली की चिखलावर उड्या मारणाऱ्या, डोके वर काढून बसणाऱ्या या माशांची बिळे ज्याने हात घालून चाचपली आहेत, त्यालाही ठाऊक नसलेली एक गोष्ट जपानात २००७ मध्ये प्रकाशात आली. अत्सुशी इशिमात्सु आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील निवटीच्या एका भाईबंदाच्या बिळाचा तळ तपासला, तेव्हा असे दिसले की त्या बिळाच्या शेवटी एक कोठडी असते, तिच्या छताला अंडी चिकटवलेली असतात, आणि ती कोठडी पाण्याने नव्हे तर हवेने भरलेली असते, कारण चिखलातील पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. ही हवा बाप आणतो. ओहोटीच्या वेळी वर येऊन तो तोंडभर हवा घेतो, बिळातून खाली जातो आणि कोठडीत सोडतो. अशा त्याच्या अगणित खेपा होतात. अंडी उबण्याच्या बेतास आली की भरतीच्या रात्री तो उलट खेपा घालतो, हवा तोंडाने उपसून बाहेर टाकतो, कोठडी पाण्याने भरते, आणि त्या पाण्याच्या स्पर्शाने पिले बाहेर पडतात. आमच्या खाडीतील निवटी नेमके असेच करते काय, हे पाहण्याचे काम पाम बीच मार्गाच्या पलीकडच्या चिखलात कोणा तरुण अभ्यासकाची वाट पाहत आहे.

आता वलगणीविषयी. रोहिणी संपून मृग लागला, पहिला जोराचा पाऊस झाला, आणि ओहोळांचे गढूळ पाणी खाचरांतून खाली येऊ लागले, की त्या पाण्याच्या उलट दिशेने मासे वर चढतात. याला आमच्याकडे वलगण म्हणतात, कोल्हापूरकडे आणि तळकोकणात याच माशांना चढणीचे मासे म्हणतात. खवली, शिंगटी, वाम, मरळ, सारी गाभोळीने भरलेली, नव्या पाण्याचा वास घेत उथळ, उबदार, गवताळ खाचरांत विणीसाठी निघालेली असतात, आणि त्याच रात्री सारे गाव पाग, झोळ्या, टोपल्या घेऊन बांधावर उभे असते. वलगणीचा आनंद मी नाकारणार नाही. ती रात्र, त्या बत्त्या, भिजलेल्या मातीचा वास आणि घरोघरी शिजणारे कालवण यांच्यावाचून माझे बालपण अपुरे राहिले असते. परंतु जुनी माणसे एका ठिकाणी थांबत. खालच्या दोन बांधांवर मासे धरीत, वरच्या खाचरात पोहोचलेल्यांना सोडीत. “ती आता बाळंतीण,” असे माझी आजी म्हणे. मासळीच्या विणीचा आणि निषेधाचा हा मेळ फार जुना आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, त्याच्या अभिषेकाला सव्वीस वर्षे झाली असता काढलेल्या आज्ञेत, आषाढ, कार्तिक आणि फाल्गुन यांच्या पौर्णिमांच्या आगेमागे मासे मारण्यास व विकण्यास मनाई आहे, आणि तिच्यातील मत्स्यसंरक्षणाचा हेतू डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५० च्या सुमारास विशद केला. आमच्याकडे मासळी वर्ज्य होते ती श्रावणात. समुद्रातल्या मासळीचा हिशेब काहीही असो, गोड्या पाण्याच्या बाबतीत हा महिना उशिराचा आहे. ज्येष्ठ-आषाढात गाभोळीचे मासे संपवून श्रावणात हात धुण्याने वलगणीला लाभ नाही. हे मी श्रद्धेचा अनादर म्हणून लिहीत नाही, पंचांगात एक महिना अलीकडे सरकण्याची विनंती म्हणून लिहितो.

आणि तरीही वलगणीवर सारा दोष टाकणे अन्यायाचे होईल. पिढ्यान्‌पिढ्या वलगण मारूनही मरळ संपली नव्हती. ती विरळ झाली ती आमच्या गावतळ्याला चारी बाजूंनी सरळ उभी भिंत बांधली गेल्यावर. कोणी बांधली, कोणत्या ठरावाने बांधली, याचा कज्जा मला येथे मांडायचा नाही. ज्यांनी बांधली त्यांना तळे स्वच्छ, नेटके आणि मुलांसाठी सुरक्षित करायचे होते, आणि फरसबंदीच्या वाटेवरून संध्याकाळी फिरणाऱ्या वृद्धांत मीही असतो. पण काठ म्हणजे काय, हे त्या नकाशात कोणी पाहिले नाही. मरळीला गुडघाभर पाणी लागते, गवताचे देठ लागतात, खाचराकडे सरकत जाणारा उतार लागतो. प्रसंगी ओल्या जमिनीवरून सरपटत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाण्याची तिची शक्ती असते, पण चार फूट उंचीची भिंत तिला ओलांडता येत नाही. पाणी तेवढेच राहिले, किंबहुना गाळ काढल्याने थोडे वाढले, आणि तरीही तिचे घरटे बसण्यास जागा उरली नाही. तिलापियाचे याने काही अडले नाही. त्याचा खळगा तळाच्या चिखलात आणि त्याचा पाळणा आईच्या तोंडात; काठ असला काय आणि नसला काय. चौदा वर्षांच्या माझ्या वह्यांतून एकच गोष्ट मला निःशंकपणे दिसते, ती ही, की तळ्यात कोणता मासा राहील हे पाण्याच्या मापापेक्षा काठाच्या उतारावर ठरते. आणि तळ्यांच्या कामांचे आराखडे काढणाऱ्यांनी एका बाजूचा, निदान एका कोपऱ्याचा उतार मोकळा ठेवावा, एवढ्या एका मागणीसाठी हे सारे पुस्तक लिहिले आहे असे कोणी म्हटले तरी माझी तक्रार नाही.

माशांची नावे मी गावच्या बोलीतली ठेवली आहेत. एकाच माशाला दर दहा कोसांवर नवे नाव असल्याने प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी माशाचे रूप, रंग आणि मिशा यांचे वर्णन दिले आहे, म्हणजे वाचकाने आपल्या गावचे नाव त्यापुढे स्वतः लिहून घ्यावे. जी निरीक्षणे मी केली ती माझी म्हणून, जी इतरांची ती त्यांची म्हणून सांगितली आहेत.

गेल्या आषाढात, शुद्ध पंचमीच्या सकाळी, तळ्याच्या एका कोपऱ्यात, जेथे जुन्या वडाच्या मुळांमुळे भिंतीचे काम थांबले होते आणि माती ढासळून पाण्यात उतरली होती, मला गवतात एक वाटोळी मोकळी जागा दिसली आणि तिच्यावर पिवळसर साय. दुसऱ्या दिवशी मी मोजणीची जुनी फीत घेऊन गेलो. त्या उताराची लांबी बावीस फूट भरली. वहीत मी ती जागा, इतकी वर्षे ज्या रीतीने नोंदी केल्या त्याच रीतीने, नोंदून ठेवली आहे: मरळीचे घरटे, एक, वहिवाट, नर व मादी, पूर्वेस वडाचे झाड, दक्षिणेस म्हशी धुण्याचा जुना घाट, पश्चिमेस तळ्याचे पाणी, उत्तरेस नवी भिंत.